टोमॅटोचं सेटिंग: बाटली उघडण्याआधी फूल उघडून बघा

एप्रिल संपत आला की नारायणगाव-जुन्नर पट्ट्यात एक प्रश्न हमखास कानावर पडतो. "फुलं भरपूर आहेत, पण सेटिंग होत नाहीये. काय मारू?" सेटिंग म्हणजे फुलातून फळ धरणं. काय मारायचं, एवढंच विचारायचं बाकी असतं. दुकानातून बोरॉन येतं, कॅल्शिअम येतं, सोबत एखादं टॉनिक येतं. आठ-दहा दिवसांनी फळं धरतात आणि बाटलीचं नाव गावभर होतं. मीही बरीच वर्षं हेच केलं. मग एका उन्हाळ्यात टॉनिक संपलं म्हणून शेवटच्या चार सऱ्या फवारायच्या राहून गेल्या. दहा दिवसांनी बघतो तर त्या चार सऱ्यांतही तेवढंच सेटिंग! त्यानंतर मी आधी फूल बघायला लागलो.

फूल हातात घ्या

सकाळी दहाच्या सुमारास पूर्ण उमललेलं एक फूल तोडा. पिवळ्या पाकळ्या मागे वळलेल्या दिसतील आणि मधोमध पिवळाच, टोकदार सुळका. हा सुळका म्हणजे एकमेकांना चिकटलेले परागकोष. नखाने तो उभा फाडला की आत हिरवट काडी दिसते. ती कुक्षीवृंत, तिचं टोक म्हणजे कुक्षी आणि तळाशी मोहरीएवढा हिरवा मणी. पुढे त्याचंच टोमॅटो होतं.

परागकोष सुळक्याच्या आतल्या बाजूने उकलतात. फूल खाली तोंड करून लोंबतं, त्यामुळे परागकण सुटले की ते नळीतून खाली घरंगळत कुक्षीवर पडतात. नर-मादी एकाच फुलात आणि स्वतःचाच पराग चालतो, म्हणून टोमॅटोला स्वपरागीभवन होणारं पीक म्हणतात. पण त्याचा अर्थ "आपोआप होतं" असा घेतला जातो, आणि घोळ तिथेच होतो. दमट हवेत मिठाची बाटली नुसती उलटी धरली तर मीठ पडत नाही, हलवावी लागते. टोमॅटोच्या फुलाचंही तसंच आहे. हलवणारं कोणीतरी लागतं, वारा किंवा मधमाशीच्या जातकुळीतली एखादी माशी.

टोमॅटोचे रानटी भाऊबंद दक्षिण अमेरिकेत, पेरू-इक्वाडोरच्या बाजूला आहेत. त्यातल्या अनेकांची कुक्षी सुळक्याच्या बाहेर डोकावते, कारण तिथे माश्या दुसऱ्या झाडाचा पराग आणून देतात. माणसाने लागवड करता करता नकळत अशी झाडं निवडली की कुक्षी आत गेली आणि माशीची गरज कमी झाली. मात्र कडक उन्हात आजही ती काडी लांबून सुळक्याबाहेर येते. तेव्हा फुलाचा स्वतःचा पराग तिच्यापर्यंत पोचणं अवघड होतं. हे लक्षात ठेवा, पुढे तपासणीत कामाला येईल.

मधमाशीची पेटी इथे का चालत नाही

डाळिंबाला, कांद्याच्या बियाण्याला पेट्या ठेवून फायदा झालेले शेतकरी टोमॅटोतही पेट्या ठेवायचं म्हणतात. मी तरी त्यावर भाड्याचे पैसे घालणार नाही. टोमॅटोच्या फुलात मध नाही, आहे तो फक्त पराग, आणि तोही नळीत कोंडलेला. तो काढायचा तर माशीला फुलाला लटकून, पंख न हलवता, नुसते छातीचे स्नायू थरथरवावे लागतात. त्या कंपनाने पराग भसकन बाहेर पडतो. सातेरी, फुलोरी, आग्या किंवा पेटीतली इटालियन, यांपैकी कोणतीच मधमाशी हे करत नाही. शेजारी दुसरं काही फुललेलं असेल तर त्या टोमॅटोकडे फिरकतही नाहीत.

हे काम करतात एकांड्या माश्या. एक म्हणजे काळा, टपोरा भुंगा, जो वाळक्या लाकडात भोकं पाडतो. दुसरी, पोटावर निळसर चमकदार पट्टे असलेली माशी. ती मधमाशीएवढीच, पण कमालीची चपळ. शिवाय जमिनीत बीळ करणाऱ्या काही बारक्या माश्या. त्या ओळखायला डोळ्यांपेक्षा कान बरे. उडतानाचा गुणगुणाट चालू असतो, माशी फुलाला चिकटते आणि अचानक आवाज चढतो, तारेवर काहीतरी घासल्यासारखा बारीक "झ्झीं", जेमतेम सेकंदभर. मग पुन्हा साधा गुणगुणाट आणि पुढचं फूल. हा चढा आवाज प्लॉटमध्ये ऐकू येत असेल तर फुकटचा मजूर कामावर आलाय असं समजा.

युरोपातल्या काचगृहांत पूर्वी माणसं विजेची कंपनकाठी घेऊन आठवड्यातून दोन-तीनदा प्रत्येक घोस हलवत फिरत. १९८७ च्या सुमारास बेल्जियम आणि नेदरलँड्समध्ये भुंग्यासारख्या केसाळ बंबल माशीच्या वसाहती पेटीत तयार करून विकायला सुरुवात झाली आणि काही वर्षांतच ती मजुरी बंद पडली. आपल्याकडे बंबल माश्या हिमालयाच्या थंड पट्ट्यात आहेत. हिमाचलात सोलनच्या उद्यानविद्या आणि वनविद्या विद्यापीठात त्यांच्यावर, पॉलिहाऊसमधल्या टोमॅटोसाठीही, काम झालं आहे. महाराष्ट्राच्या पठारावर त्या नाहीत, म्हणून परदेशी व्हिडिओ बघून पेटी शोधत बसू नका.

आता हिशोबाची गोष्ट. उघड्या शेतात वारा वाहत असेल आणि हवा मानवत असेल तर माश्यांशिवायही टोमॅटोचं पीक येतं. जगभरच्या पिकांचा जो मोठा आढावा २००७ मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात टोमॅटो "कीटकांवर थोडंसं अवलंबून" या गटात आहे. तेव्हा माश्यांमुळे उत्पादन दुप्पट होतं असं कोणी सांगितलं तर त्याला चहा पाजून वाटेला लावा. माश्यांचा उपयोग दिसतो तो अडचणीच्या दिवसांत, म्हणजे वारा पडलेला, हवा दमट, कुक्षी बाहेर आलेली अशा वेळी. आणि दिसतो फळाच्या भरीवपणात.

फळ भरतं ते बियांमुळे

कुक्षीवर पडलेल्या परागाला नळी फुटते, ती खाली बीजांडापर्यंत जाते आणि बी तयार व्हायला लागतं. वाढणारं बी संप्रेरकं (हार्मोन) सोडतं आणि त्यांच्या जोरावर फळाचा गर वाढतो. म्हणजे जितकी बीजांडं फळली तितकं फळ भरीव. पराग अपुरा पडला तर फळ धरतं, पण बारीक राहतं. एका बाजूलाच बिया भरल्या तर त्या बाजूला फुगतं आणि दुसरीकडे चपटं राहतं.

आमच्याकडे तोड्याला येणाऱ्या एक मावशी क्रेट भरताना फळ हातात घेऊनच बाजूला टाकतात. "दादा, हा नुसता फुगाय, हाताला लागतच नाही." त्यांचा हात म्हणजे वजनकाटा आहे. पोकळ फळाला बाहेरून धारा दिसतात, कापलं की साल आणि बियांचा गाभा यांमध्ये रिकामी जागा असते. बियांभोवतीचा बुळबुळीत रस तिथे भरलेला नसतो. टोमॅटोची आंबट चव बरीचशी त्या रसातच असते, म्हणून पोकळ फळ बेचव लागतं. वीस किलोचा क्रेट भरायला अशी फळं जास्त लागतात आणि गाडीत वरच्या थराखाली ती आधी दबतात.

मात्र प्रत्येक वाकड्या फळाचा दोष परागीभवनावर ढकलू नका. बुडाला काळा, बसका डाग म्हणजे कॅल्शिअम आणि पाण्याचा अनियमितपणा. फुलाच्या टोकाकडे सुरकुत्या, भेगा आणि वेडंवाकडं तोंड हे बहुतेक कळी अवस्थेत लागलेल्या थंडीमुळे होतं. देठापासून बुडापर्यंत चेन लावल्यासारखी उभी खूण असेल तर परागकोष कोवळ्या फळाला चिकटून राहिला होता.

तपासणी: अर्धा तास, खर्च शून्य

दव उडाल्यावर, साधारण दहा ते बाराच्या मध्ये जा. मोबाईलचा पडदा बंद करून पुसून घ्या. उमललेल्या फुलाखाली तो धरा आणि फुलाच्या देठाला टिचकी मारा. काळ्या काचेवर फिकट पिवळी पूड पडली तर पराग तयार आहे आणि सुटतोही आहे. प्लॉटच्या वेगवेगळ्या भागांतली वीसेक फुलं अशी बघा. बहुतेकांतून काहीच पडलं नाही तर दोन शक्यता. हवा फार दमट असेल तर पराग आत गोळा होऊन बसला आहे. अशा वेळी दोन तासांनी पुन्हा बघा, ऊन लागल्यावर सुटतो. दुपारीही काही पडलं नाही तर पराग मुळात नीट बनलेलाच नाही, आणि याचं कारण बहुतेकदा उष्णता असतं.

उष्णतेचा मुद्दा जरा थांबून समजून घेण्यासारखा आहे. दिवसा २१ ते २९ अंश आणि रात्री १५ ते २० अंश सेल्सिअस हे टोमॅटोच्या फळधारणेला सुखाचं तापमान. दिवसा ३५ च्या वर आणि रात्री २१-२२ च्या वर गेलं की सेटिंग घसरतं. रात्रीचा उकाडा आपण मोजतच नाही, पण त्याचा फटका मोठा असतो. रात्री १३ च्या खाली गेलं तरीही पराग कमजोर पडतो, म्हणून डिसेंबर-जानेवारीत निफाडकडे थंडीची लाट आली की तिथेही हीच तक्रार असते. आणि पराग सर्वात नाजूक असतो तो फूल उमलण्याच्या साधारण आठ ते तेरा दिवस आधी, कळी बारकी असताना. म्हणजे आज गळणारं फूल दीड-दोन आठवड्यांपूर्वीचं ऊन भोगतंय. आज फवारलेलं कोणतंही औषध तो मेलेला पराग जिवंत करत नाही. हवा निवळली की दहाएक दिवसांनी नव्या कळ्या चांगला पराग घेऊन उमलतात, आणि नेमकी तेव्हाच बाटली नावारूपाला येते. माझ्या चार सऱ्यांचं कोडं मला इथे सुटलं.

पुढे कुक्षी बघा. फूल आडवं धरा. सुळक्याच्या टोकातून हिरवा ठिपका दोन-तीन मिलिमीटर बाहेर आलेला दिसला तर त्या फुलाला वाऱ्याचा भरवसा नाही. तिथे माशी किंवा माणूसच लागेल.

मग देठ. फुलाच्या देठावर मधोमध एक गाठ असते, गुडघ्यासारखी. फळ न धरलेल्या फुलात ती पिवळी पडते आणि फूल तिथूनच तुटतं. प्लॉटमध्ये फिरताना पिवळे गुडघे मोजत गेलं की पुढच्या चार दिवसांत किती गळ होणार याचा अंदाज येतो. कधी गुडघा हिरवाच असतो, मणी मात्र हरभऱ्याएवढा होऊन थांबलेला असतो. तिथेही पराग कमी पडला किंवा परागनळी नीट वाढली नाही असा संशय घ्या.

तोडा चालू असेल तर बादलीची परीक्षा करा. पिकायला लागलेली पंचवीस-तीस फळं पाण्यात सोडा. तरंगणारी फळं बाजूला घ्या आणि आडवी कापा. पोकळी दिसली, बिया मोजक्याच असल्या, तर ही फळं फुलात असताना पराग पुरेसा पडला नव्हता. फूल ते लाल फळ हा प्रवास हवेप्रमाणे ४५ ते ५५ दिवसांचा. तेवढे दिवस मागे मोजा आणि त्या आठवड्यात काय झालं होतं ते वहीत शोधा. ढगाळ हवा होती? उन्हाची लाट? सलग फवारण्या?

प्लॉटलाच विचारा

तपासणीने अंदाज येतो, खात्री हवी तर छोटा प्रयोग करा. सारख्या जोमाची तीस झाडं निवडा. प्रत्येक झाडाचा तिसरा घोस धरा, सगळीकडे तिसराच, कारण घोसाघोसांत फरक असतो.

दहा घोसांना लाल लोकर बांधा आणि त्यांना हात लावू नका. दहांना पिवळी लोकर बांधा आणि फुलं उमलत असेपर्यंत दिवसाआड सकाळी घोसाच्या देठाला बोटाने पाच-सहा टिचक्या मारा. सेलवर चालणारा टूथब्रश असेल तर त्याची मागची बाजू देठाला दोन सेकंद टेकवा, फुलाला नाही. उरलेल्या दहांवर, कळ्या उमलण्याआधीच, मच्छरदानीच्या कापडाची सैल पिशवी चढवा आणि पाकळ्या वाळल्यावर काढून टाका.

सगळ्या घोसांतली फुलं मोजून लिहा. पंधरा दिवसांनी फळं मोजा. समजा लाल लोकरीच्या घोसांत ६० फुलं होती आणि ३० फळं धरली, तर फळधारणा ५० टक्के. तोड्याला प्रत्येक गटाची फळं वेगळी वजन करा आणि गटातली पाच-पाच कापून बघा.

आता अर्थ लावायचा. पिवळी लोकर लालच्या बरीच पुढे असेल तर तुमच्या प्लॉटमध्ये पराग आहे, हलवणारं कोणी नाही, आणि इथे मेहनत घेण्यात पैसे आहेत. दोन्ही सारख्याच असतील आणि चांगल्या असतील तर काही करू नका. दोन्ही सारख्याच वाईट असतील तर अडचण उष्णतेची, पाण्याची किंवा खताची आहे, हलवून काही होणार नाही. पिशवीतला घोस वाऱ्याने हलतोच, त्यामुळे तो आणि लाल यांच्यातला फरक म्हणजे माश्यांची कमाई. हा फरक दरवर्षी, दर हंगामात वेगळा येतो. म्हणून शेजाऱ्याचा आकडा उसना घेऊ नका.

मग करायचं काय

लागवडीची तारीख सगळ्यात मोठं औषध आहे. पुनर्लागवडीनंतर साधारण २५ ते ३० दिवसांत फुलं सुरू होतात. मार्चच्या शेवटी लावलेला प्लॉट ऐन मे महिन्यात फुलणार, हे गणित लावणीच्या आधी घालायचं. बाजारभावासाठी ही जोखीम मुद्दाम घेतली जाते, ते मला कळतं. २०२३ च्या जुलैत टोमॅटो किलोला शंभर रुपयांच्या वर गेला, तेव्हा पैसे झाले ते उन्हाळ्यात तग धरलेल्या थोड्या प्लॉटांचेच. पण मग उष्णता सहन करणारं वाण, पांढरी शेडनेट आणि पाण्याची नियमित पाळी या तिन्हींची तयारी ठेवा.

नत्र आवरा. पानं गडद, शेंडा गुबगुबीत आणि फुलं गळणारी असा प्लॉट माजलेला असतो. बोरॉन परागनळीच्या वाढीला खरोखर लागतं, पण जमिनीत कमतरता असेल तरच त्याचा उपयोग. जास्त झालं तर पानांच्या कडा करपतात. फुलं लागण्याआधी आणि लेबलवरच्या मात्रेतच द्या.

हलवण्यासाठी झाडाला हात लावायची गरज नाही. बांबू-तारेवर बांधणी केलेल्या प्लॉटमध्ये एक माणूस काठी घेऊन सरीतून चालत दर चार-पाच पावलांवर तारेला ठोका देत गेला की पुरे. वेळ दहा ते एक, दिवसाआड. पानं ओली असताना जाऊ नका, करप्याला आपणच वाट करून देतो. प्लॉटमध्ये मोझॅक या विषाणूरोगाची झाडं असतील तर झाडांना स्पर्श टाळा, काही विषाणू हातांनी आणि कपड्यांनी पसरतात.

फवारणीची वेळ बदला. कंपन करणाऱ्या माश्यांची वर्दळ सकाळी जास्त असते. फुलातल्या प्लॉटवर जास्त दाबाच्या एचटीपी पंपाने सकाळी नऊला फवारलं की पराग भिजतो आणि माशीही मरते. संध्याकाळी उन्हं उतरल्यावर फवारा. इमिडाक्लोप्रिडसारखी आंतरप्रवाही, म्हणजे झाडाच्या अंगात भिनणारी कीटकनाशकं ड्रिपमधून दिली तरी परागात उतरू शकतात, म्हणून फुलोऱ्याच्या काळात ती टाळता येतात का ते आधी बघा. पांढरी माशी आणि फुलकिडे डोक्यावर बसलेले असताना हे सांगणं सोपं आहे आणि पाळणं कठीण, हे मला माहीत आहे. निदान सकाळचं फवारणं तरी सोडा.

माश्यांना खायला आणि राहायला हवं. टोमॅटो त्यांना मध देत नाही, म्हणून बांधावर तूर, तागाचा एखादा पट्टा, विहिरीपाशी तुळशीची चार झाडं असू द्या. भुंगे तूर-तागावर हमखास येतात, निळ्या पट्ट्यांची माशी तुळशीवर. सगळी जमीन मल्चिंगच्या प्लास्टिकखाली झाकलेली असते, तेव्हा बांधाचा थोडा उघडा, न नांगरलेला भाग बिळांसाठी राहू द्या. बांधावरच्या काटेरिंगणीवरही या माश्या रमतात, पण ती टोमॅटोच्याच कुळातली, कीड आणि रोग तिच्यावर तग धरतात. मी ती उपटतो.

जाळीच्या आतला टोमॅटो

विषाणूच्या भीतीने आता बरेच जण बारीक जाळीच्या आत लागवड करतात. विषाणू पसरवणारी पांढरी माशी अडते, पण भुंगाही अडतो आणि वारासुद्धा. तिथे हलवणं हे नेहमीच्या कामाच्या यादीतच हवं. आठवड्यातून किमान तीन दिवस, आर्द्रता ६० ते ७० टक्क्यांच्या आसपास असताना तारा ठोका किंवा पाठीवरच्या ब्लोअरची हवा घोसांवरून फिरवा. सकाळी बाजूचे पडदे उघडून आधी दमटपणा जाऊ द्या. चेरी टोमॅटोच्या लांब घोसांना तर दिवसाआड टिचकी लागतेच, नाहीतर घोसाच्या टोकाची फळं गोटीएवढी राहतात.

संप्रेरकाच्या फवारणीने बी न धरताही फळ वाढवता येतं, एनएए किंवा ४-सीपीए ही संप्रेरकं त्यासाठीच वापरतात. पराग अगदीच मेलेला असताना तो एक मार्ग आहे. पण अशी फळं पुष्कळदा पोकळ, टोकाला चोच आलेली निघतात, आणि मात्रा चुकली की शेंडे दोरीसारखे वळतात. मी दोन वर्षं वापरून सोडून दिलं. क्रेट भरले, वजन भरलं नाही.

प्लॉट काढताना एक काम करा. बांबू उपटून बांधावर रचण्याआधी त्यांच्या पेरांवर नजर टाका. बोटाच्या जाडीचं, अगदी गोल, कातलेल्या कडेचं भोक आणि खाली पिवळसर भुसा दिसला तर आत भुंग्याचं घर आहे. एवढे दोन-चार बांबू वेगळे काढा, भोकाची बाजू पावसात भिजणार नाही अशा बेताने गोठ्याच्या वळचणीला आडवे बांधा आणि पुढच्या लागवडीपर्यंत तिथेच राहू द्या.